रस्त्यावरचें पाणी आणि आपली मोटार



मोटार चालविण्याविषयीं मी बोलणार आहें असें कळल्यावर माझ्या ओळखीच्या मंडळींना थोडें हंसूं आलें असेल, आणि तें साहजिकच आहे. सारा जन्म खडू आणि फळा यांच्या सहवासांत गेला. स्वतःची मोटार दाराशीं उभी राहिली ती निवृत्तीच्या उंबरठ्यावर. परंतु आजचा विषय मोटारीचा जितका आहे, त्याहून अधिक पाण्याचा आहे, आणि पाण्याचे गुणधर्म मीं कित्येक वर्षें सातवीच्या वर्गाला शिकविले आहेत. पाणी दाबून लहान करतां येत नाहीं. पाणी सर्व बाजूंनीं दाब देतें. आणि बुडालेली वस्तु जेवढें पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार पाणी तिला देतें. हीं तीन वाक्यें मुलें परीक्षेपुरतीं पाठ करतात व उन्हाळ्याच्या सुटींत विसरून जातात. पावसाळ्यांत भरलेल्या रस्त्यावर मात्र तिन्ही वाक्यांचा प्रत्यय एकाच वेळीं येतो.

२६ जुलै २००५ हा दिवस ज्यांनीं मुंबईंत काढला त्यांना त्याची आठवण करून देण्याचें कारण नाहीं. सांताक्रूझच्या वेधशाळेंत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यास, शंभर मिलिमीटरसुद्धां पाऊस झाला नाहीं. याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. फोर्टांतल्या कचेरींतून दुपारीं निघालेल्या माणसाच्या डोक्यावर नेहमींचाच पाऊस होता. उपनगरांत काय वाढून ठेवलें आहे याची त्याला कल्पनाहि नव्हती. तो निघाला, माहीमच्या पुढें अडकला, आणि मग ना पुढें जातां येईना ना मागें. मिठी नदी, जिला लोक एरवीं नाला म्हणत असत, ती त्या दिवशीं नदी झाली. राज्यांत त्या दिवसांत जीं माणसें दगावलीं त्यांतलीं कांहीं आपल्या मोटारींतच दगावलीं. काचा लावलेल्या, दारें बंद, आणि पाऊस ओसरण्याची वाट पाहात आंत बसलेलीं अशीं तीं माणसें होतीं.

तीं बाहेर कां पडलीं नाहींत, असा प्रश्न त्यानंतर पुष्कळांनीं विचारला. घरांत कोरडें बसून तो विचारणें सोपें आहे. मोटारींत बसलेल्या माणसाला मोटार ही निवाऱ्याची जागा वाटते. बाहेर मुसळधार पाऊस, अंधार, गढूळ पाणी, उघडीं गटारें. आंत मऊ आसन, दिवा, आणि हातांत टेलिफोन. शिवाय गाडीचे हप्ते अजून फिटलेले नसतात. अशा वेळीं ‘थोडा वेळ थांबूं, पाणी उतरेल’ हा विचार मनांत येणें हा मूर्खपणा नव्हे, तो मनुष्यस्वभाव आहे. म्हणूनच हा निर्णय त्या क्षणावर सोपवून चालत नाहीं. तो कोरड्या जमिनीवर असतांनाच मनाशीं पक्का करून ठेवावा लागतो.

प्रथम खोलीचा विचार करूं. पाणी किती आहे हें मोटारींत बसून कळत नाहीं, कारण गढूळ पाण्याला तळ दिसत नाहीं. तथापि शहरांत मोजपट्ट्या जागोजाग उभ्या असतात, फक्त तिकडे पाहण्याची संवय पाहिजे. पदपथाची कड सामान्यतः सहा इंच, म्हणजे पंधरा सेंटिमीटर उंच असते. ती कड पाण्याखालीं दिसेनाशी झाली म्हणजे रस्त्यावर पंधरा सेंटिमीटरहून अधिक पाणी आहे असें समजावें. बहुतेक लहान मोटारींची जमिनीपासूनची उंची याच्याच आसपास, सोळा ते अठरा सेंटिमीटर असते. म्हणजे कड दिसेनाशी झाली कीं पाणी गाडीच्या पोटाला लागण्याच्या बेतांत आलें. दुसरी मोजपट्टी म्हणजे पुढें गेलेली गाडी. तिचें चाक किती बुडालें तें पाहावें. मात्र ती आपल्यासारखीच गाडी असली पाहिजे. ट्रक गेला म्हणून मीहि जाईन, हा हिशेब उंटामागून शेळीनें नदींत उतरावें तसा आहे.

आतां त्या तिसऱ्या वाक्याकडे, म्हणजे आर्किमिडीजच्या सिद्धान्ताकडे, येऊं. एक साधी लहान मोटार घ्या. तिचें वजन सुमारें एक हजार किलो. लांबी पावणेचार मीटर, रुंदी पावणेदोन मीटरांच्या आंतबाहेर. म्हणजे तिच्या पोटाचें क्षेत्रफळ सहा चौरस मीटरांहून अधिक. चाकांच्या व इंजिनाच्या पोकळ्यांत पाणी शिरतें तें सोडून दिलें तरी पोटाच्या वर पाणी दहा सेंटिमीटर चढलें कीं चार-पांचशें लिटर पाणी बाजूला सारलें जातें. म्हणजे गाडीचें जवळजवळ निम्में वजन पाण्यानें उचललें. आणखी दहा सेंटिमीटर चढलें कीं चाकें रस्त्यावर टेकलीं आहेत म्हणायचीं, एवढेंच. त्यांच्यावर भार उरत नाहीं. हिशेब करा: पोटाखालचे सतरा आणि वरचे वीस, मिळून सदतीस सेंटिमीटर. तुमच्या-आमच्या गुडघ्यालासुद्धां तें पाणी पुरतें पोंचत नाहीं! गुडघाभर पाण्यांत माणूस कसाबसा चालतो, पण हजार किलोची मोटार तरंगूं लागते, ही गोष्ट मुलांना खरी वाटत नसे. मोठ्यांनाहि वाटत नाहीं असें प्रत्येक पावसाळ्यांत दिसतें. मोठी, उंच, रुबाबदार गाडी असेल तर हा आंकडा थोडा वर सरकतो, नाहींसा होत नाहीं. दोन फूट वाहतें पाणी बहुतेक सगळ्या घरगुती गाड्यांना वाहून नेण्यास पुरेसें असतें.

वाहतें पाणी म्हटल्यावर आणखी एक हिशेब येतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा धक्का दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. म्हणून साचलेल्या पाण्याचे नियम वाहत्या पाण्याला लावूं नयेत. उथळ साचलेल्या पाण्यांत फार तर गाडी बिघडेल. वाहत्या पाण्यांत एक फूट खोलीसुद्धां लहान गाडीला आडवी सरकवून रस्त्याबाहेर नेऊं शकते, आणि रस्त्याच्या बाहेर काय आहे तें ज्याच्या त्याच्या नशिबाचें. माझें मत विचाराल तर वाहत्या पाण्याला खोलीची मोजपट्टी लावूंच नये. रस्त्यावरून पाणी आडवें वाहात आहे एवढें दिसलें कीं गाडी थांबवावी.

येथें मला आमच्या कोंकणांतल्या एका एस. टी. चालकाची हकीकत सांगावीशी वाटते. हा माझा जुना विद्यार्थी. गणितांत बेताचा, पण स्वभावानें शांत. एका श्रावणांत त्याची गाडी एका ओढ्याच्या फरशीपाशीं आली, तों फरशीवरून पाणी वाहात होतें. फार नव्हे, वीतभर दिसत होतें. त्यानें गाडी मागें घेऊन उंचवट्यावर लावली, खालीं उतरला, आणि पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. पाणी चढतें कीं उतरतें तें पाहायचें, दुसरें कांहीं नाहीं. गाडींत पस्तीस-चाळीस उतारू. कोणाची तहसील कचेरींत तारीख होती, कोणाचा माणूस दवाखान्यांत होता, एका मुलीची कसलीशी परीक्षा होती. पहिल्या अर्ध्या तासांत ‘अहो ड्रायव्हरसाहेब, जाईल कीं गाडी’ असें चाललें होतें. दुसऱ्या अर्ध्या तासांत ‘साहेब’ गेला. मग त्याच्या वडिलांपर्यंत मजल गेली. इतक्यांत एक खासगी जीप मागून आली, सर्वांच्या देखत पाण्यांत शिरली आणि पलीकडे निघून गेली. त्यानंतर तर त्याला तोंड दाखविण्याची सोय राहिली नाहीं. तरी तो काठीपाशीं उभा राहिला. दोन तासांनीं पाणी काठीपासून हातभर मागें हटलें, फरशीच्या कडेचे दगड दिसूं लागले, तेव्हां त्यानें गाडी काढली.

फरशी वाहून गेली होती, पूल पडला होता, असें कांहीं या गोष्टींत घडलेलें नाहीं. फरशी जागच्या जागीं होती. गाडी सुखरूप पलीकडे गेली, आणि उतारू उतरतांना म्हणाले, ‘बघा, उगीच दोन तास खाल्ले.’ त्यानें मला हें सांगितलें तेव्हां तो तक्रार करीत नव्हता. ‘गुरुजी,’ तो म्हणाला, ‘शिरून पार गेला त्याला लोक बहाद्दर म्हणतात. थांबला त्याला कोण काय म्हणणार? त्याच्या बाबतींत कांहीं घडलेंच नाहीं ना!’ हें वाक्य मला त्याच्या गणिताच्या गुणांपेक्षां पुष्कळ मोलाचें वाटलें. चालकावर पाण्याचा दाब येतो तसा मागच्या आसनावरून माणसांचाहि दाब येतो. आणि घरच्या मोटारींत तर मागें बसलेलीं माणसें आपलींच असतात, त्यांना उलट उत्तर देणें आणखी कठीण. ‘समोरचा गेला, तुम्हांलाच कां भीति वाटते?’ हें वाक्य ज्यांच्या तोंडून येतें त्यांनीं तें गिळावें, अशी माझी सर्व गृहिणींना, आणि गृहिणी गाडी चालवीत असेल तर गृहस्थांना, विनंति आहे.

फरशीवरचें पाणी जितकें दिसतें तितकेंच असतें असेंहि नाहीं. खालची फरशी शाबूत आहे कीं नाहीं हें पाण्याखालून कळत नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानींतला दगडी पूल महापुरांत कोसळला, दोन एस. टी. बसगाड्या व आणखी कांहीं वाहनें अंधारांत त्या रिकाम्या जागेंत गेलीं. त्या चालकांना दोष देण्यास जागा नाहीं, तो राजमार्गावरचा वाहता पूल होता. तेथें नवा पूल पुढच्या पावसाळ्यापूर्वीं उभा राहिला. परंतु महापुराच्या रात्रीं जुन्या पुलांवरून प्रवास टाळतां येत असेल तर टाळावा, एवढा बोध त्यांतून आम्हां साध्या माणसांना घेतां येतो. कोल्हापूरकरांना ही शिस्त चांगली अंगवळणीं पडलेली आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशीं ३९ फुटांवर गेली कीं इशारा आणि ४३ फुटांवर गेली कीं धोका, हे आंकडे तेथें शाळकरी पोरालाहि पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्यें शिरोलीजवळ पुणें-बंगळूर महामार्ग पाण्याखालीं जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हां हजारों ट्रक रांगेनें उभे होते. तीच गोष्ट जुलै २०२१ मध्यें पुन्हा घडली. पुण्यांतले लोक खडकवासल्यांतून पाणी सोडल्याची बातमी ऐकली कीं भिडे पुलाकडे वळत नाहींत. या सर्वांत शहाणपणाची गोष्ट एकच, कीं पाण्याची बातमी पाण्यापाशीं पोंचण्याच्या आधीं मिळवलेली असते.

आतां शहरांतल्या एका विशेष स्थळाविषयीं सांगितलें पाहिजे, तें म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, ज्याला आपण सबवे म्हणतों. सबवे म्हणजे आपणच खणलेली आणि आपणच डांबर घातलेली विहीर होय. तिच्या तोंडाशीं पाणी घोट्याएवढें असतें, आणि मध्यावर माणूस बुडेल एवढें. कारण उघड आहे: पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो, रस्ता मात्र उतरत गेलेला असतो. गाडी सावकाश उतरते, चालकाला वाटतें पाणी हळूहळू वाढत आहे. वस्तुतः पाणी जागच्या जागीं असतें, तोच खालीं जात असतो. जुलै २०१९ मध्यें मालाडच्या सबवेंत दोन माणसें आपल्या गाडींत अडकून मरण पावलीं. जुलै २०२० मध्यें दिल्लीच्या मिंटो पुलाखालीं, मे २०२३ मध्यें बंगळूरांत, सप्टेंबर २०२४ मध्यें फरीदाबादेंत तेंच घडलें. चार शहरें, चार वर्षें, आणि स्थळ एकच. पावसांत अंधेरी सबवेच्या तोंडाशीं पोलीस आडवी दोरी लावून उभा असतो. त्याच्याशीं हुज्जत घालणारे लोक मीं पाहिले आहेत. तो भिजत उभा आहे तो स्वतःच्या हौसेनें नव्हे. आणि एखाद्या सबवेच्या तोंडाशीं पोलीस नसला, तर याचा अर्थ तेथें धोका नाहीं असा नसून पोलीस अजून पोंचला नाहीं, एवढाच असतो.

मुंबईकरांनीं आणखी एक गोष्ट पाहण्याची संवय ठेवावी, ती म्हणजे भरतीची वेळ. शहराच्या बहुतेक नाल्यांचीं मुखें भरतीच्या पातळीच्या खालीं आहेत. भरतीच्या वेळीं जोराचा पाऊस आला कीं पाणी समुद्रांत जाण्याऐवजीं जागींच थांबतें, आणि हिंदमातेसारखे बशीच्या आकाराचे भाग प्रथम भरतात. मोठमोठे पंप व अलीकडे जमिनीखालच्या टाक्या यांनीं परिस्थिति सुधारली आहे, पण बशी ती बशीच. जुनी गटारें तासाला पंचवीस मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें, आणि तींहि ओहोटीच्या वेळेसाठीं, बांधलेलीं होतीं. तेव्हां पाऊस आणि भरती या दोन पाहुण्यांची वेळ जुळत असेल तर तास-दोन तास कचेरींतच चहा घेत बसावें. रस्ता कोठें पळून जात नाहीं.

इतकें सांगूनहि कधींकधीं थोड्या पाण्यांतून गाडी न्यावीच लागते. पाणी साचलेलें आहे, वाहात नाहीं, रस्ता रोजच्या पायाखालचा आहे, आणि खोली पदपथाच्या कडेच्या आंत आहे, अशी खात्री असेल तर रस्त्याच्या मध्यभागानें जावें. रस्त्याला मध्यें फुगवटा असतो व कडेला उतार, म्हणून मध्यें पाणी सर्वांत कमी. समोरून वाहन येत असेल तर आधीं त्याला येऊं द्यावें. पहिला गिअर घालावा, चालण्याच्या वेगानें जावें, आणि पाण्यांत असेपर्यंत गिअर बदलूं नये कीं पाय ॲक्सिलरेटरवरून काढूं नये. इंजिनाचा आवाज एकसारखा राहिला पाहिजे, म्हणजे सायलेन्सरमधून धूर जोरानें बाहेर पडत राहतो आणि पाण्याला आंत शिरण्यास वाव मिळत नाहीं. गाडी अडखळेल असें वाटल्यास थोडें हाफ क्लच करावें. वातानुकूलन आधींच बंद करावें. अलीकडच्या पुष्कळ गाड्या सिग्नलला थांबल्या कीं इंजिन आपोआप बंद करतात व पुन्हा चालू करतात. ती सोय पाण्यांत शिरण्यापूर्वीं बटण दाबून रद्द करावी, नाहीं तर इंधन वांचविण्याच्या नादांत गाडी भलत्याच ठिकाणीं झोंपी जाईल. पाणी उडविण्याची हौस मुळींच नको. जोरानें गेल्यास पुढें पाण्याची लाट उठते, ती बॉनेटवर चढते, आणि बाजूनें चालणाऱ्या माणसांच्या शिव्या मिळतात त्या वेगळ्याच. मोठी बस शेजारून जात असेल तर तिची लाट ओसरेपर्यंत थांबावें.

त्या लाटेचें एवढें भय कां, तें सांगतों. इंजिनाला जशी तेलाची तशी हवेची गरज असते, आणि हवा घेण्याची नळी बॉनेटच्या आंत पुढच्या बाजूला असते. त्या नळींतून पाणी शिरलें कीं तें सिलिंडरमध्यें जातें. पिस्टनचें काम आंतली हवा दाबून दहाव्या हिश्शावर, डिझेलच्या गाडींत पंधराव्या-सोळाव्या हिश्शावर आणण्याचें. हवा दबते. पाणी दबत नाहीं. आणि हें आपलें पहिलें वाक्य आहे. पिस्टन वर येतो, पाणी हलत नाहीं, आणि मधला पोलादी कनेक्टिंग रॉड वाकतो; क्वचित् तो इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. गाडी पाण्यांत बंद पडल्यावर माणूस पहिली गोष्ट कोणती करतो? पुन्हा किल्ली फिरवितो. जें नुकसान झालेलें नसतें तें त्या किल्लीनें होतें. तेव्हां पाण्यांत बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करूं नये, हें वाक्य मी दोनदां सांगतों, कारण वर्गांत एकदां सांगितलेलें कोणी ऐकत नसे: पाण्यांत बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करूं नये. ढकलून उंचवट्यावर न्यावी आणि नंतर टोचन करून गॅरेजमध्यें पाठवावी. विमा कंपन्याहि याच किल्लीवर बोट ठेवतात. पुरानें झालेलें नुकसान सर्वसमावेशक विम्यांत येतें, परंतु पाणी शिरल्यावर इंजिन चालू केल्यानें झालेलें नुकसान ‘तुम्हीच केलेलें’ म्हणून नाकारलें जाण्याचा संभव असतो. इंजिनाच्या संरक्षणासाठीं वेगळी पुरवणी घेतां येते. सखल भागांत राहणाऱ्यांनीं विमा नवा करतांना तिची चौकशी करावी.

विजेवर चालणाऱ्या गाडीला हवा घेण्याची नळी नसते, बॅटरीहि सीलबंद असते, म्हणून ती पाण्यांत बंद पडण्याचें भय थोडें कमी. यावरून कांहीं लोक तिला होडी समजूं लागले आहेत. आर्किमिडीजनें पेट्रोल आणि वीज असा भेद केलेला नाहीं.

पाण्यांतून बाहेर आल्यावर ब्रेक ओले असतात आणि पहिल्या एक-दोन वेळां धरत नाहींत. मागें कोणी नाहीं असें पाहून, हळू चालवीत, ब्रेकवर पाय हलका टेकवीत थोडें अंतर जावें, म्हणजे ते उष्णतेनें वाळतात.

आतां सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतों. गाडी अडकली आहे आणि पाणी चढत आहे. या वेळीं टेलिफोन करूं नये. ११२ ला किंवा मुंबईंत महापालिकेच्या १९१६ ला फोन करायचा तो गाडीच्या बाहेर, उंच जागीं उभें राहून. पहिलें काम कमरेचा पट्टा सोडणें. दुसरें, काच खालीं करणें. विजेवर चालणाऱ्या काचा पाण्यांत कांहीं वेळ चालतात, पण किती वेळ तें कोणी सांगूं शकत नाहीं, म्हणून हें काम पहिल्या मिनिटांतच उरकावें. तिसरें, मुलांना आधीं काढणें. मागच्या दारांना मुलांसाठीं कुलूप असतें, तें आंतून उघडत नाहीं. मुलांना पुढच्या आसनावर घेऊन पुढच्या खिडकींतून बाहेर काढावें. मग स्वतः. सामान, कागद, लॅपटॉप यांना तेथेंच राहूं द्यावें. बाहेर प्रवाह जोराचा असेल तर गाडीच्या टपावर चढून हांका माराव्यात.

दार उघडून कां जाऊं नये? दुसरें वाक्य आठवा. मीटरभर रुंदीच्या दारावर बाहेरून अर्धा मीटर पाणी चढलें आणि आंत पाणी नसलें, तर त्या दारावर सुमारें सव्वाशें किलोचा दाब असतो. घाबरलेल्या माणसानें खांदा लावून तें हलत नाहीं. पाणी दाराच्या तळाशीं लागत आहे तोंवर दार उघडतें, तेव्हां अवश्य उघडावें; पुढें मात्र खिडकीच कामाची. काच उतरत नसेल तर ती फोडावी लागते. पुढची मोठी काच फोडण्यांत वेळ दवडूं नये. ती दोन काचांमध्यें पापुद्रा घालून चिकटवलेली असते, तडकते पण सुटत नाहीं. बाजूची काच बहुधा साधी कडक केलेली असते; तिच्या मध्यावर न मारतां कोपऱ्यांत टोंकदार वस्तूनें मारल्यास ती चुरा होऊन पडते. पांच-सातशें रुपयांच्या आंत एक लहान हातोडी मिळते, तिला टोंक असतें आणि पट्टा कापण्याचें पातेंहि असतें. ती चालकाच्या हाताशीं ठेवावी. डिकींत ठेवलेली हातोडी त्या वेळीं कामाला येत नाहीं. हातोडी नसेल तर आसनावरची डोकें टेकण्याची उशी उपसून तिच्या लोखंडी दांड्या वापरतां येतात. आणि कांहींच साधलें नाहीं, आंत पाणी छातीपर्यंत आलें, तरीहि धीर सोडूं नये: आंतलें आणि बाहेरचें पाणी सारखें झालें कीं दाब संपतो, आणि तेंच दार उघडतें. हा मार्ग अगदीं शेवटचा.

काचा लावून, इंजिन चालू ठेवून, थंड हवेंत वाट पाहात बसणें हें तर मुळींच करूं नये. सायलेन्सरचें तोंड पाण्याखालीं असलें कीं विषारी धूर गाडीच्या आसपास कोंडून आंत येण्याचा संभव असतो, आणि त्या वायूला वास नसतो.

बाहेर पडल्यावर पायीं चालणें हेंहि निर्धास्त नाहीं. २९ ऑगस्ट २०१७ रोजीं मुंबईंत एका नामांकित डॉक्टरांनीं गाडी सोडून पायीं घरची वाट धरली आणि ते उघड्या मॅनहोलमध्यें पडून गेले. छत्री मिटून तिच्या टोंकानें पुढची जमीन चांचपीत जावें, दुभाजकाच्या आधारानें जावें, आणि जेथें पाणी भोंवऱ्यासारखें फिरत असेल तेथें मुळींच पाऊल टाकूं नये. विजेच्या खांबांना व पेट्यांना हात लावूं नये. पायाला जखम असून घाण पाण्यांत चालावें लागलें असेल तर दोन-तीन दिवसांच्या आंत डॉक्टरांना दाखवावें. लेप्टोच्या आजारावर वेळेवर घेतलेलें औषध लागू पडतें.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. पूर ओसरल्यावर कांहीं महिन्यांनीं बाजारांत जुन्या गाड्या एकाएकीं स्वस्त होतात. बाहेरून त्या नव्यासारख्या चकाकतात आणि आंत अत्तराचा वास येतो. अशा वेळीं पायपुसण्याखालचा गालिचा उचलून पाहावा, आसनाच्या पट्ट्या ज्या लोखंडी रुळांवर सरकतात त्यांवर गंज आहे का तें पाहावें, डिकींतलें जादा चाक काढून त्याच्या खळग्यांत बोट फिरवावें. आणि कमरेचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. वरचा हातभर पट्टा सर्वजण धुतात. गुंडाळींतला आंतला भाग कोणी धूत नाहीं, आणि गाळाची तपकिरी रेघ तेथें तशीच राहिलेली सांपडते.